आमच्या ट्रॉलीची नंबरप्लेट आणि खाणीवरचा पट्टा

३ मार्चच्या दुपारी चिरे उतरवताना ट्रॉलीचा फाळका, म्हणजे मागचं खाली उघडणारं दार, खाडकन खाली आलं, त्यावर एक चिरा आपटला आणि मागची नंबरप्लेट दोन तुकडे होऊन मातीत पडली. "बाय, नंबर मोडलो," वाड्यावरच्या मुलाने तुकडे आणून दिले. मी म्हटलं, राहू दे, संध्याकाळी बघू. ती संध्याकाळ उजाडायला सप्टेंबर लागला.

आम्ही गोव्यात, सत्तरी तालुक्यात राहतो. घराला लागून कुळागर आहे: पोफळी, माड, थोडी केळी, पोफळींवर चढवलेली मिरी. २०१० साली कर्ज काढून ट्रॅक्टर आणि मागे दोन चाकांची, हौदा उचलून ओतणारी ट्रॉली घेतली. कर्ज माझ्या नावावर म्हणून गाड्याही माझ्या नावावर. यजमान कारखान्यात पाळीवर जातात, ट्रॅक्टर भाचा चालवतो आणि कागद, कचेऱ्या, गॅरेज हे सगळं आपोआप माझ्याकडे येतं. वेल्डिंगमधलं मला काही कळत नव्हतं. आता थोडं कळतं, तेही दोनदा फसल्यामुळे.

प्लेट मोडल्यावर भाच्याने फाळक्यावरच पांढरा चौकोन रंगवून नंबर लिहिला. पावसाळा तोंडावर होता, बांध पूर्ण व्हायचा होता, चालून गेलं. २०२५ चा पाऊसही मेच्या शेवटच्या आठवड्यातच येऊन बसला. जुलैत कपाटातल्या कागदांना बुरशी लागली म्हणून सगळे बाहेर काढून पंख्याखाली पसरले, तेव्हा ट्रॉलीची आरसी, म्हणजे नोंदणीचं प्रमाणपत्र, हातात आली. मुदत १८ नोव्हेंबर २०२५. पंधरा वर्षं संपत आली होती.

ट्रॉलीची आरसी ट्रॅक्टरहून वेगळी असते. आमच्याकडे निम्म्या लोकांना हे माहीत नाही, मलाही ती कपाटात दिसेपर्यंत आठवत नव्हतं. ट्रेलर हे कायद्याने स्वतंत्र वाहन आहे. त्याला स्वतःचा नंबर, स्वतःचा चासी नंबर आणि पंधरा वर्षांनी स्वतःचं नूतनीकरण. इंजिन तेवढं नाही.

आरसी नीट वाचली तर खाली बँकेचं नाव तसंच. कर्ज २०१६ मध्ये फिटलं, ट्रॅक्टरवरचा बोजा तेव्हाच उतरवला होता. ट्रॉलीच्या आरसीवरचा तसाच राहून गेला. बोजा आहे तोवर नूतनीकरणाला बँकेची संमती लागते, म्हणून तो आधी उतरवायला हवा होता. त्यासाठी बँकेचं ना-हरकत पत्र आणि सही-शिक्क्याचा फॉर्म ३५, दोन प्रती. २१ जुलैला अर्ज दिला. बँकेत आता कुणालाच ते कर्ज आठवत नव्हतं, फाइल दुसऱ्या शाखेत गेलेली. तीन फेऱ्या मारल्या, १४ ऑगस्टला पत्र मिळालं. कुणाचं असं कर्ज फिटलेलं असेल तर आजच आरसी काढून बघा. घाई नसताना हे काम अर्ध्या वेळात होतं आणि बँकेतला माणूसही हसून बोलतो.

नूतनीकरणाचा अर्ज फॉर्म २५ वर. तो मुदतीच्या साठ दिवसांहून आधी देता येत नाही. मी बोटांवर मोजलं: १९ सप्टेंबर. तोवर गाडी तपासणीला नेण्यासारखी करायची. आरटीओत चौकशीच्या खिडकीवर एक मध्यमवयीन बाई होत्या, त्यांनी न कंटाळता सांगितलं: मागे लाल परावर्तक, टेल लाइट, ब्रेक लाइट, चासी नंबर वाचता यायला हवा आणि नंबरप्लेट दोन्हीकडे.

"दोन्हीकडे म्हणजे?"

"ट्रॉलीचा नंबर बाजूला. मागे ट्रॅक्टरचा."

मी गप्प झाले. पंधरा वर्षं आमच्या ट्रॉलीच्या मागे ट्रॉलीचाच नंबर होता आणि ट्रॅक्टरचा कुठेच नव्हता. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ६१ मध्ये हे लिहिलं आहे, आणि विचार केला तर पटतंही. मागून येणाऱ्याला ट्रॉलीमुळे ट्रॅक्टरचा नंबर दिसत नाही, म्हणून ओढणाऱ्या गाडीचा नंबर शेवटच्या ट्रॉलीच्या पाठीवर. म्हणजे चिऱ्याने जी प्लेट मोडली ती मुळात चुकीचीच होती.

बाजूची प्लेट सोपी गेली, तिचं आटोपून घेते. ती उच्च सुरक्षा प्लेट अधिकृत विक्रेत्याकडे ऑनलाइन मागवली. ट्रेलरसाठी माप ३४० × २०० मि.मी., पत्रा एक मि.मी. अॅल्युमिनियमचा. तिचे स्नॅप लॉक एकदा दाबले की परत निघत नाहीत, तोडावेच लागतात. म्हणून प्लेट लावून घ्यायला जाण्याआधी तिच्या पाठीमागे सपाट, घट्ट पत्रा बसवून ठेवा आणि भोकं कुठे पडणार ते विचारून घ्या. ट्रॉलीची बाजू पन्हाळीदार असते. तिच्यावर प्लेट थेट दाबली तर पहिल्याच दिवशी वाकते, आणि मग ती बदलायची म्हणजे पुन्हा अर्ज. मागची प्लेट कशी चालेल ते त्याच खिडकीवर विचारून घेतलं आणि त्याच मापाची करून घेतली.

राहिला तो मागच्या प्लेटचा आधार. सगळं घोडं तिथेच अडलं.

८ सप्टेंबरला, चवथीची पाहुणेमंडळी परतल्यावर, मी वहीत चित्र काढून मेस्तांकडे गेले. आमच्या नाक्यावर त्यांचं वेल्डिंगचं दुकान आहे. वय साठीच्या पुढे, पूर्वी खाणीच्या वर्कशॉपमध्ये होते. माझं चित्र असं: अँगलची चौकट, मागच्या बाजूला हौद्याच्या शेपटीखाली वेल्ड केलेली, तिच्यावर प्लेट चार बोल्टांनी. फाळक्याखाली असल्याने चिरा लागणार नाही, असा माझा हिशेब. मेस्त चित्राकडे बघून काही बोलले नाहीत. "फाल्यां यो," एवढंच. दुसऱ्या दिवशी चौकट तयार. साडेसहाशे रुपये. दिसायला इतकी भक्कम की मी फोटो काढून यजमानांना पाठवला.

ती तीन दिवस टिकली. ११ तारखेला शेणखत आणलं. भाच्याने हौदा उचलला, खत मागे ओतलं, हौदा वर जाता जाता त्याची शेपूट खाली आली आणि माझी चौकट खताच्या ढिगात रुतली. मग त्याने ट्रॅक्टर पुढे घेतला. चौकट तिरकी झाली, एक वेल्ड सुटलं, प्लेटच्या दोन भोकांपासून तडा गेला.

मोडलेली चौकट घेऊन मी मेस्तांकडे गेले तर ते हसले. "तुटलें तें बरें जालें." आधी का नाही सांगितलं, म्हणून मला राग आला. ते म्हणाले, तुम्ही चित्र घेऊन आलात, मला वाटलं विचार करून आणलंय.

त्या दिवशी त्यांनी मला दुकानाबाहेरच्या बाकावर बसवून समजावलं ते इथे लिहिते, कारण सगळी गोम यातच आहे. ओतणाऱ्या ट्रॉलीत दोन सांगाडे असतात. खालची चासी जागेवर राहते आणि वरचा हौदा मागच्या बिजागरीवर फिरतो. बिजागरीच्या पुढचं सगळं वर जातं, मागचं सगळं खाली येतं. हौद्याच्या मागच्या टोकाला जे काही लावाल ते दर वेळी जमिनीकडे डुबकी मारणार. म्हणून प्लेट हौद्यावरही नको आणि फाळक्यावरही नको. फाळका तर उघडला की उलटा लटकतो, म्हणजे रस्त्यात काम चालू असताना नंबर दिसतच नाही. प्लेट चासीवर हवी. आणि ती चासीवर घट्ट बसवाल तर पुन्हा मोडेल, कारण मागे ओतलेला माल तिला ढकलणारच.

"मग करायचं काय?"

मेस्तांनी आमच्या ट्रॉलीच्या चाकामागच्या फडक्यांकडे बोट दाखवलं. चिखल उडू नये म्हणून लोंबणारी ती काळी रबरी फडकी. ती १२ वर्षं जुनी आहेत. ट्रॉलीचे दोन टायर बदलून झाले, फाळक्याची बिजागरी बदलून झाली, रंग तर तीनदा दिला. फडकी तशीच आहेत. चिरा लागला की मागे होतात, परत येतात.

ही फडकी खाणीवरच्या कन्व्हेयर पट्ट्याची आहेत. २०१२ साली गोव्यात खाणी बंद झाल्या, त्यानंतर आमच्या भागात हे जुने पट्टे भंगारातून घरोघर पोचले. कुणाच्या अंगणात पायपुसणं, कुणाच्या गोठ्यात जमिनीवर, कुणाच्या विहिरीच्या रहाटाखाली. आत कापडाचे थर आणि दोन्हीकडे रबर. दगड वाहून न्यायला बनवलेली वस्तू ती, ट्रॉलीच्या धक्क्यांनी तिला काय होतंय?

घरी येऊन मी गोठ्याच्या दारातला पट्टा मोजला. १० मि.मी. जाड. सासूबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. "तो पट्टा गाईसाठी घातलाय," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, आई, कडेची दोन बोटंच घेते. घेतली मात्र वीतभर.

त्याआधी एक काम केलं ते सगळ्यांनी करावं. ट्रॉली सपाट जागी उभी केली, हौदा रिकामा ठेवून भाच्याला तीनदा वर-खाली करायला लावला आणि दर वेळी मी चासीच्या मागच्या आडव्या पाइपवर खडूने खुणा केल्या. हौदा कुठवर येतो, फाळका उघडल्यावर कुठे लोंबतो, बिजागरीची पिन कुठे फिरते. (हौदा वर असताना त्याच्याखाली डोकं घालू नका. मी खुणा केल्या त्या हौदा खाली आल्यावर आणि बाजूने. ज्यांना खाली जावंच लागेल त्यांनी आधी ओंडक्याचा टेकू द्या, जॅकवर विसंबू नका.) तिन्ही खुणांच्या बाहेर, मधोमध न येता उजव्या चाकाकडे सरकून दीड हात जागा मोकळी निघाली. मागून बघितलं तर प्लेट सरळ दिसत होती.

मेस्तांनी चासीला वेल्डिंग करायला साफ नकार दिला. चासीवर नको तिथे वेल्ड मारलं की तिथूनच पुढे तडा जातो, म्हणाले. दहा मि.मी. सळीचे दोन चौकोनी यू-बोल्ट वळवून त्यांनी ४० × ५ मि.मी. ची लोखंडी पट्टी आडव्या पाइपला आवळली. त्या पट्टीला पट्ट्याचे दोन तुकडे टांगले, प्रत्येक सहा सें.मी. रुंद, १५ सें.मी. लांब. खाली त्या तुकड्यांना पाठीचा पत्रा, आणि पत्र्यावर नंबरप्लेट. म्हणजे प्लेट रबरावर लोंबते. ढकललं तर मागे जाते, सोडलं की परत.

पाठीचा पत्रा लोखंडाचा घ्यायचा की अॅल्युमिनियमचा यावर आमची वादावादी झाली. मी कागदावर मांडलं. ३६ × २२ सें.मी. आणि ३ मि.मी. जाड पत्रा लोखंडाचा घेतला तर १८६५ ग्रॅम भरतो, अॅल्युमिनियमचा ६४० च्या आसपास. रबरावर लोंबणारी वस्तू जितकी जड तितके हिसके जास्त. मेस्तांनी माझ्या वहीत बघून मान डोलावली, मला कोण आनंद झाला. फोंड्याला खिडक्या-दारांची कामं करणाऱ्याकडे उरलेला तुकडा ३८० रुपयांत मिळाला. अख्खा पत्रा घ्यायला जाऊ नका, अशा कामाला कापून उरलेला तुकडाच पुरतो.

रबराला भोक पाडणं हे माझं काम. ड्रिलने प्रयत्न केला तर बिट अडकून पट्टाच गरगर फिरला आणि माझ्या मनगटाला झटका बसला. मग सळी तापवून टोचली, तर भोक वेडंवाकडं पडलं आणि घरभर असा वास की सासूबाईंनी रात्रीचं जेवण पडवीत वाढलं. शेवटी सरळ उपाय सापडला: जुन्या पाइपच्या तुकड्याचं तोंड ग्राइंडरवर धारदार केलं, खाली लाकडी ओंडका घेतला आणि वरून हातोडा. पाइपला साबणाचं पाणी लावलं की तो रबरात लोण्यात गेल्यासारखा जातो. कापतानाही पात्याला साबणाचं पाणीच लावा.

बोल्टांचं थोडं विस्ताराने लिहिते, कारण आपल्या हवेत सगळं इथेच सडतं. साधे बोल्ट एका पावसाळ्यात गंजून जाम होतात. स्टेनलेसचे घ्या, डोक्यावर ए२ किंवा ए४ कोरलेलं बघून. ए४ खाऱ्या वाऱ्याला जास्त टिकतो, पण महाग. आम्ही समुद्रापासून लांब, म्हणून ए२ घेतले. नट आत नायलॉनची कडी असलेले, म्हणजे हादऱ्याने सैल होत नाहीत. पण स्टेनलेस आणि अॅल्युमिनियम ओल्यात एकमेकांना चिकटून राहिले की अॅल्युमिनियम खाल्लं जातं, भोकाभोवती पांढरी भुकटी साचते. म्हणून दोघांच्या मधे नायलॉनचा वायसर, आणि पत्र्याखाली सायकलच्या जुन्या ट्यूबची चकती. या दोन रुपयांच्या वायसरांसाठी मी तीन दुकानं फिरले. शेवटी म्हापशाला शुक्रवारच्या बाजाराला गेले होते तेव्हा तिथल्या एका हार्डवेअरवाल्याकडे मिळाले.

प्लेटच्या खालून आणि बाजूंनी १२ मि.मी. सळीची कमान, पाठीच्या पत्र्याला बोल्टने घट्ट केलेली. चिरा आधी सळीवर आपटावा, प्लेटवर नको. कमान जस्त चढवलेल्या जुन्या पाइपची करता आली असती, तो घरात पडलाही होता. मेस्त नको म्हणाले. जस्त चढवलेलं लोखंड वेल्ड केलं की धुराने रात्री ताप भरतो, खाणीवर असताना त्यांनी तो भोगला होता. करायचंच झालं तर वेल्डिंगच्या जागेवरचं जस्त आधी घासून काढा आणि उघड्यावर काम करा.

२२ सप्टेंबरला, घटस्थापनेच्या दिवशी, फॉर्म २५ ऑनलाइन भरला, फी भरली, पावती छापून घेतली. ट्रॅक्टरच्या विमा पॉलिसीत ट्रॉलीचा उल्लेख आहे का तेही बघून घेतलं, सुदैवाने होता. नसेल तर ते आधी करा, तपासणीच्या रांगेत उभं राहून ते होत नाही. तारीख मिळाली १४ ऑक्टोबर.

दसऱ्याला, २ ऑक्टोबरला, अवजारांच्या पूजेत ट्रॉलीलाही झेंडूची माळ घातली. आधाराला तेव्हा नुसता रेड ऑक्साइड लागलेला होता. दुपारी रस्त्यावर नेऊन बघितलं तर नवीनच दुखणं: रिकामी ट्रॉली खड्ड्यातून गेली की प्लेट गाईच्या कानासारखी फडफडायची. मागून स्कूटरवर येत होते मी, नंबर वाचताच येईना. रबराला लवचिकपणा होता, पण टेकायला काही नव्हतं. मग पत्र्याच्या पाठीमागे, चासीकडच्या बाजूला, दोन रबरी गुटके लावले आणि ट्रॅक्टरच्या ट्यूबची एक पट्टी ताणून पत्रा त्या गुटक्यांवर दाबून धरला. आता चालताना प्लेट गुटक्यांना टेकलेली असते, माल अंगावर आला की ट्यूब ताणते आणि प्लेट मागे जाते. ट्यूबची पट्टी वर्षा-दोन वर्षांनी बदलावी लागेल. ती फुकटच असते.

१४ तारखेला सकाळी सातला निघालो. दहाला नंबर लागला, तपासणी झाली दीडला. बरोबर पाणी आणि खायला न्या, ट्रॅक्टरवर सावली नसते. चासी नंबरवर पेन्सिलने कागद घासून छाप घ्यावी लागते. आमचा नंबर रंगाच्या तीन थरांखाली होता आणि मी तो घरी साफ केलेला नव्हता. रॉकेल, तारेचा ब्रश आणि बारीक पॉलिश पेपर हे एवढंच वापरा. भाचा ग्राइंडर आणायच्या गोष्टी करत होता. ग्राइंडर लावला की आकडा झिजतो आणि मग आपण काहीतरी खाडाखोड केली असा संशय येतो. अर्धा तास घासल्यावर छाप आली.

साहेब तरुण होते, बोलायला मोजके. आधाराला हाताने ढकलून बघितलं, परत आला तसं पुन्हा ढकललं, आणि पहिल्यांदा जरासे हसले. मग दिवा लावायला सांगितला आणि मागे चालत गेले. मागच्या नंबरावर पांढरा उजेड असावा आणि तो १५ मीटरवरून वाचता यावा असा नियम आहे. मी एलईडी दिवा प्लेटच्या खाली, सळीच्या कमानीला लावला होता, वरच्या बाजूला तोंड करून. येताना रस्त्यात पाऊस लागला होता, दिव्यावर चिखलाचा लेप. आणि जो थोडा उजेड येत होता तो प्लेटवर न पडता बघणाऱ्याच्या डोळ्यांत जात होता. "दिवा वर घ्या, खाली तोंड करून," एवढं सांगून त्यांनी २८ तारीख दिली. परत येताना मी भाच्याशी पूर्ण वाटभर बोलले नाही. त्याची काही चूक नव्हती.

मेस्तांनी दिवा पाहिला आणि दुसरी गोष्ट दाखवली. हलणाऱ्या भागावर दिवा लावला तर वायर दर खड्ड्याला वाकणार आणि सहा महिन्यांत आतून तुटणार. दिवा वरच्या, न हलणाऱ्या पट्टीवरच हवा. तिथे लावला, वायर लवचिक पाइपमधून नेली, सात पिनांच्या सॉकेटपर्यंत. पाइपची दोन्ही तोंडं सिलिकॉनने बंद केली, नाहीतर पावसाळ्यात उंदीर आत शिरून वायर कुरतडतात. एका संध्याकाळचं काम. हे पहिल्यांदाच केलं असतं तर एक फेरी वाचली असती.

मधे दिवाळी आली. १९ ऑक्टोबरच्या रात्री वाड्यावरच्या मुलांनी नरकासुराचा पुतळा न्यायला ट्रॉली मागितली. नाही म्हणायची आपल्याकडे पद्धत नाही. १५ फुटी नरकासुर हौद्यात उभा, मागे स्पीकर, आणि फाळका उघडून त्यावर नाचणारी पाचसहा पोरं. मी पहाटे जाळायला गेले तेव्हा बघितलं, त्यांतला एक आमच्या आधाराच्या कमानीवर पाय देऊन हौद्यात चढत होता. पायाखाली कमान मागे गेली, तो घसरला, प्लेट परत जागेवर. पोरगा शिव्या देत लंगडत गेला. सकाळी दिव्याच्या उजेडात तपासलं, बोल्ट एकही सैल नव्हता, फक्त राख आणि गुलाल.

२८ तारखेला तपासणीत वीस मिनिटं लागली. साहेबांनी दिवा लावला, मागे जाऊन नंबर मोठ्याने वाचला, परावर्तक बघितले, सही केली. नवी आरसी १२ नोव्हेंबरला आली. पाच वर्षं मिळाली आहेत, पुढची तारीख २०३० ची.

खर्च लिहून ठेवला होता तो देते. अॅल्युमिनियमचा तुकडा ३८०, लोखंडी पट्टी ११०, कमानीची सळी ९०, बोल्ट-नट-वायसर २४०, दिवा १८०, वायर आणि पाइप १६०, रंग ३१०, मेस्तांची मजुरी पहिल्या चौकटीची ६५० आणि दुसऱ्या कामाची ९००. एकूण ३०२०. पहिली चौकट वगळली तर २३७०. सरकारी फी, प्लेट आणि जाण्यायेण्याचं डिझेल यात नाही. दिवाळीत दिवा वर घ्यायचे पैसे मेस्तांनी घेतले नाहीत, मी फराळाचा डबा नेऊन दिला.

त्यानंतर चिऱ्यांच्या चार खेपा आणि खताच्या दोन झाल्या. कमानीला एक पोचा आला आहे, प्लेटला नाही. एका बोल्टाभोवती पांढरी भुकटी दिसली, काढून बघितलं तर तिथे मी नायलॉनचा वायसर घालायलाच विसरले होते.

शेजारच्या काकांना असाच आधार करून हवा आहे. पट्टा कुठून आणायचा म्हणून ते विचारायला आले तेव्हा मी सासूबाईंकडे बघितलं नाही. गोठ्याच्या दारातला कापलेला कोपरा तसाच आहे. गाय रोज संध्याकाळी तिथवर येते, उघड्या दगडावर खूर टेकवून बघते आणि कुणीतरी पुढे येऊन थापटेपर्यंत आत जायला तयार होत नाही, असं सासूबाईंचं म्हणणं आहे. मला ती पूर्वीही तिथेच थांबायची असं आठवतं, पण ते मी बोलून दाखवत नाही.